गहू मोजता येतात, तरी उत्तर चूक का?

प्रति,
मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या पाचवीतल्या नातीची इंग्रजीच्या चाचणीची उत्तरपत्रिका घरी आली. ती मराठी माध्यमाच्या शाळेत शिकते आणि मी स्वतः मराठी माध्यमाच्याच शाळेत बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे तिच्या उत्तरपत्रिका मी बारकाईने पाहते. खाण्याच्या दहा जिनसांची इंग्रजी नावे देऊन काउंटेबल आणि अनकाउंटेबल अशा दोन रकान्यांत ती लिहायला सांगितली होती. तिने राइस, व्हीट आणि ब्रेड ही तिन्ही नावे काउंटेबलच्या रकान्यात लिहिली होती. तिन्हींवर लाल फुल्या होत्या आणि चूक का झाली याविषयी शेजारी एक शब्दही नव्हता.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी दळणाचे गहू निवडत बसलो होतो. तिने ताटातले गहू बोटाने एकेक करून तळहातावर घेतले, दहापर्यंत मोजले आणि मला विचारले, “आजी, हे बघ मोजले. मग गहू मोजता येत नाहीत असं बाईंनी का म्हटलं?” तिच्या वहीत व्याख्या लिहून दिलेली होती, ‘ज्या वस्तू मोजता येतात त्यांची नावे काउंटेबल आणि ज्या मोजता येत नाहीत त्यांची नावे अनकाउंटेबल.’ ही व्याख्या प्रमाण मानली तर मुलीचे उत्तर बरोबर होते. हीच व्याख्या मीही अनेक वर्षे फळ्यावर लिहिली आणि मुलांकडून घोकून घेतली, म्हणून या विषयावर आपल्या वृत्तपत्रातून चार शब्द लिहिण्याची मला गरज वाटते.

व्याख्येतली अडचण ‘मोजणे’ या शब्दात आहे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी दिवसभर पैसे मोजतात, आणि तरीही इंग्रजीत मनी हे नाम अनकाउंटेबल आहे. न्हावी डोक्यावरचे केस कापतो तेव्हा आपण ‘केस कापले’ असे अनेकवचन वापरतो, इंग्रजीत मात्र डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून हेअर असे एकवचनच वापरतात. वस्तू हाताने मोजता येते की नाही याच्याशी या वर्गवारीचा फारसा संबंध नसतो. त्या वस्तूकडे ती भाषा सुट्या नगांची बेरीज म्हणून पाहते की एकजिनसी पदार्थ म्हणून पाहते, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक भाषेने आपापल्या परीने दिलेले आहे. इंग्रजीने गव्हाला, तांदळाला आणि साखरेला एका रांगेत बसवले. मराठीने तसे केले नाही.

मराठीने काय केले आहे ते पाहण्यासाठी व्याकरणाचे पुस्तक उघडण्याची गरज नाही, स्वयंपाकघरात बोललेली वाक्ये कान देऊन ऐकली तरी पुरे. साखर संपली, मीठ सांडले, दूध उतू गेले, रवा भाजला, पीठ मळले. येथे क्रियापद एकवचनी आहे, आणि इंग्रजीतही ही नामे अनकाउंटेबलच आहेत, त्यामुळे मुलांची चूक होत नाही. आता पुढची वाक्ये पाहावीत. तांदूळ धुतले, गहू निवडले, पोहे भिजवले, तीळ भाजले, शेवया परतल्या. या प्रत्येक ठिकाणी मराठी अनेकवचन वापरते, म्हणजे मराठीभाषक मुलाच्या कानावर तांदूळ आणि गहू हे पुष्कळ सुटे दाणे म्हणूनच पडलेले असतात. माझ्या नातीने ते काउंटेबलमध्ये लिहिले ते अभ्यास न केल्यामुळे नव्हे, आपली भाषा तिला चांगली येते म्हणून. एवढी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेतली तरी फुली मारण्याआधी त्यांचा हात क्षणभर थांबेल.

याची उलट बाजूही आहे आणि ती आपल्या रोजच्या वरण-भाताच्या ताटात सापडते. मराठीत आपण ‘तांदूळ धुतले’ म्हणतो आणि ‘डाळ धुतली’ म्हणतो, म्हणजे तांदूळ अनेक आणि डाळ एक. इंग्रजीत नेमके याच्या उलट बोलावे लागते. राइस हा एक आणि लेंटिल्स या अनेक, म्हणून राइसला इज लागतो आणि लेंटिल्सना आर लागते. एकाच चुलीवर शेजारीशेजारी शिजणाऱ्या दोन जिनसांची वचने दोन भाषांत अशी अदलाबदल झालेली पाहिली की मुलांचे डोळे चमकतात, हे मी निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत स्वतः अनुभवले आहे. मी टेबलावर एका वाटीत तांदूळ आणि दुसऱ्या वाटीत मसुराची डाळ ठेवत असे, मुलांना आधी मराठीत वाक्य बोलायला लावत असे आणि मग इंग्रजीत. मराठी वाक्यातले ‘धुतले’ आणि ‘धुतली’ मुले आपोआप अचूक म्हणत, आणि तेवढ्यावरून त्यांना कळे की हे वर्गीकरण आपल्यालाही करता येते, फक्त सीमारेषा वेगळ्या जागी आखलेली आहे. तोच तांदूळ शिजून भात झाला की मराठीतही एकवचनी होतो, ‘भात झाला’ असे आपण म्हणतो, आणि त्यातला एक दाणा दाखवायचा तर त्यासाठी आपल्याकडे शीत हा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजीत शिजलेला असो वा कच्चा, एका दाण्याला ‘अ ग्रेन ऑफ राइस’ असेच म्हणावे लागते.

येथे कोणी म्हणेल की मग इंग्रजी तर्कशुद्ध आणि मराठी तर्कहीन, किंवा त्याच्या उलट. दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. आपल्याकडे शेंगदाणे अनेकवचनी आणि साबुदाणा एकवचनी आहे. दाणा हा शब्द दोन्ही नावांत आहे, तरीही आपण ‘शेंगदाणे भाजले’ आणि ‘साबुदाणा भिजवला’ असेच म्हणतो. इंग्रजीतही व्हीट अनकाउंटेबल आणि ओट्स अनेकवचनी आहे, आणि दोन्ही धान्यांच्या दाण्यांत असा काही फरक नाही की ज्यामुळे हे समजावे. नूडल्सना इंग्रजी अनेकवचनी मानते, स्पगेटीला मात्र अनकाउंटेबल, आणि गंमत अशी की मूळ इटालियन भाषेत स्पगेटी हेच अनेकवचन आहे. वाटाण्याची गोष्ट तर मुलांना विशेष आवडते. इंग्रजीत पूर्वी पीज हा शब्द राइससारखाच एकवचनी वापरला जाई. सतराव्या शतकाच्या सुमारास लोकांना त्याच्या शेवटचा ध्वनी अनेकवचनाचा प्रत्यय वाटू लागला, त्यांनी तो काढून पी असे नवे एकवचन तयार केले, आणि वाटाणा अनकाउंटेबलमधून काउंटेबलमध्ये गेला. वाटाणा होता तसाच राहिला, बोलणाऱ्यांनी त्याला वेगळ्या रांगेत नेऊन बसवले. हे ऐकल्यावर यादी पाठ करताना वाटणारी भीती बरीच कमी होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळते, कारण हा विषय शिकवायला नाशिकसारखी जागा नाही. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला कांदा या एका शब्दाची तीन रूपे जन्मापासून माहीत असतात. आई म्हणते, ‘दोन कांदे चिर’. येथे कांदे हे सुटे नग आहेत. मिसळीच्या दुकानात आपण म्हणतो, ‘अजून थोडा कांदा द्या’. येथे कांदा चिरलेला आहे, त्याचे नग उरलेले नाहीत, आणि म्हणून आपण एकवचन वापरतो व आधी ‘थोडा’ लावतो. इंग्रजीत नेमका हाच भेद आहे. अख्खे दोन कांदे म्हणजे टू ओनियन्स, आणि चिरलेला थोडा कांदा म्हणजे अ लिटल ओनियन किंवा सम ओनियन. हा भेद मुलांना वेगळा शिकवावाच लागत नाही, फक्त दाखवून द्यावा लागतो. तिसरे रूप बाजार समितीतले. ‘आज कांदा खूप आला’, ‘कांद्याला भाव नाही’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा ट्रॅक्टरभर मालाविषयी तो एकवचनात बोलत असतो. येथे मात्र इंग्रजी आपल्याबरोबर येत नाही. इंग्रजी बाजारातसुद्धा ओनियन्स असेच म्हणते, आणि निफाड किंवा चांदवडकडचे मूल ‘ओनियन इज चीप’ असे लिहिते ते याच कारणाने. त्याला ‘चूक’ म्हणून सोडून देण्याऐवजी ‘तू बाजार समितीतले मराठी वाक्य इंग्रजीत नेलेस’ असे सांगितले तर त्याला आपली चूक कळेल आणि आपला मान राखला गेला असेही वाटेल.

कोंबडीचेही असेच आहे. ‘आय एट चिकन’ म्हणजे मी चिकन खाल्ले, आणि ‘आय एट अ चिकन’ म्हणजे मी अख्खी कोंबडी खाल्ली. एका अक्षराने अर्थ एवढा बदलतो. मराठीत अ आणि ॲन यांच्यासारखा शब्द नामाआधी लावावा लागत नाही, म्हणून आपल्या मुलांना तो कधी लावायचा हे कळत नाही, आणि काउंटेबल-अनकाउंटेबलचा हा धडा कच्चा राहिला की प्रत्येक वाक्यात ती चूक होत राहते. पाचवीतला हा एक गुणाचा प्रश्न पुढे दहावीच्या निबंधात आणि नोकरीच्या अर्जात पुन्हा समोर येतो, म्हणूनच मी त्याविषयी एवढे लिहीत आहे.

मोजमापाच्या शब्दांकडे शाळांत जवळजवळ दुर्लक्षच होते, आणि माझ्या मते धड्याचा गाभा तेथेच आहे. अनकाउंटेबल जिन्नस मोजायचा असेल तर आधी त्याला एखादे भांडे, तुकडा किंवा माप द्यावे लागते, आणि या बाबतीत मराठी किती संपन्न आहे हे आपल्याच मुलांना सांगायला हवे. चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, मूठभर दाणे, कपभर दूध, ओंजळभर फुले. आपला ‘भर’ आणि इंग्रजीतला ‘फुल’ हे एकच काम करतात. चमचाभर साखर म्हणजे अ स्पूनफुल ऑफ शुगर आणि मूठभर म्हणजे अ हँडफुल. ज्या मुलाला चिमूटभर मीठ ठाऊक आहे त्याला अ पिंच ऑफ सॉल्ट समजावून सांगावे लागत नाही, कारण पिंच म्हणजे चिमूटच. द्राक्षांचा घड, कोथिंबिरीची जुडी, गुळाची ढेप, आल्याचा तुकडा, लसणाची पाकळी, केळ्यांची फणी, पावाची लादी अशी आपली स्वतःची मापे आहेत. इंग्रजीत घड आणि जुडी या दोहोंना बंच हा एकच शब्द चालतो, त्यामुळे तेथे मुलांना उलट सोपे जाते. लसणाच्या पाकळीला क्लोव्ह म्हणतात आणि लवंगेलाही क्लोव्हच म्हणतात, हे मात्र आधी सांगून ठेवावे. त्या दोन शब्दांचे मूळ वेगळे आहे, पण पाककृती वाचताना पाच क्लोव्ह म्हणजे पाच लवंगा समजून चांगली आमटी बिघडू शकते.

बुधवारच्या बाजारात नातीला घेऊन मी मुद्दाम गेले. तिच्या हाती कागद दिला होता आणि घ्यायच्या प्रत्येक जिनसासाठी इंग्रजीत एक प्रश्न तयार करायचा होता. मराठीत ‘किती’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. किती कांदे आणि किती साखर, यांत आपण फरक करत नाही, म्हणून हाऊ मेनी आणि हाऊ मच यांत मुले गोंधळतात. तिने कांद्यांसाठी हाऊ मेनी आणि गुळासाठी हाऊ मच बरोबर लिहिले. मग पुढे होऊन तिने विचारले, “मावशी, कांदे कसे दिले?” आणि तेच वाक्य कागदावर लिहिताना ती अडखळली. कांदे तर काउंटेबल, मग हाऊ मेनी हवे का? मी तिला म्हटले की तू ‘किती’ म्हणालीस की ‘कसे’? ती ‘कसे’ म्हणाली होती, म्हणजे प्रश्न कांद्यांच्या संख्येचा नव्हता, पैशांचा होता, आणि पैशांसाठी इंग्रजीत मच लागते. म्हणून ‘हाऊ मच आर दि ओनियन्स’ हे वाक्य बरोबर. भाव विचारायला मराठीने ‘कसे’ हा वेगळा शब्द आधीच ठेवलेला होता, आणि त्याच्या आधाराने तिला इंग्रजीतली ही अवघड जागा एका मिनिटात ओलांडता आली.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे आता जे तरुण अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत कामाला लागले आहेत त्यांनी शाळेची सगळी वर्षे हा विषय शिकलेला आहे. त्यांच्याच पत्रांत आणि अर्जांत इन्फर्मेशन्स, फर्निचर्स, इक्विपमेंट्स, ॲडव्हाइसेस असे शब्द वारंवार दिसतात. माहिती आणि सामान या शब्दांना आपणही सहसा अनेकवचन लावत नाही, त्यामुळे तेथे मराठीचा आधार घेतला असता तर ही चूक टळली असती. सल्ला मात्र आपण मोजतो, ‘दोन सल्ले दिले’ म्हणतो, आणि इंग्रजीत तेच टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस असे ब्रेडच्या तुकड्यांसारखे सांगावे लागते. लहानपणी पावाच्या बाबतीत ज्याने हे नीट समजून घेतले, त्याला मोठेपणी सल्ल्याच्या बाबतीत ते पुन्हा शिकावे लागत नाही. ‘अजून दोन पाव द्या’ हे वाक्य इंग्रजीत टू ब्रेड्स असे होत नाही, कारण टू ब्रेड्स म्हणजे पावाचे दोन प्रकार. उपाहारगृहात चहा-कॉफी मागवताना मात्र टू कॉफीज असे सर्रास म्हणतात आणि ते योग्यही आहे, आपण ‘दोन चहा’ म्हणतो तसेच. असे अपवाद चुकांच्या यादीत टाकू नयेत एवढीच विनंती आहे. फ्रूट्स या शब्दावरही काही शिक्षक सरसकट फुली मारतात. फळांचे प्रकार अभिप्रेत असतील तर तो शब्द चुकीचा नाही.

मी नातीच्या शाळेत जाऊन तिच्या वर्गशिक्षिकांना भेटले. त्यांच्या वर्गात साठ मुले आहेत, त्यांना चाचणीचा नमुना वरून ठरवून आलेला असतो, आणि इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये अशी त्यांना सूचना आहे. त्यांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ती सूचना मला मान्य नाही. २७ फेब्रुवारीला याच शहरात राहिलेल्या कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी आपण शाळाशाळांतून मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, आणि इंग्रजीच्या तासाला मात्र त्याच मराठीला वर्गाबाहेर उभे करतो. संपूर्ण तास मराठीतून घ्यावा असे माझे म्हणणे नाही. ज्या ठिकाणी मुलाचे मराठी वाक्यच त्याच्या इंग्रजी चुकीचे कारण आहे, तेथे ते मराठी वाक्य फळ्यावर आल्याशिवाय चूक सुधारत नाही, एवढेच मी अनुभवाने सांगते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की खाण्याच्या जिनसांची दोन रकान्यांत विभागणी करायला सांगणारा प्रश्न त्यांनी बंद करावा. त्याऐवजी बाजाराची यादी द्यावी आणि प्रत्येक जिनसापुढे योग्य माप किंवा अंक भरायला सांगावा, किंवा एखादी साधी पाककृती देऊन मेनी आणि मच यांच्या रिकाम्या जागा ठेवाव्यात. कांदा हा शब्द दोन वाक्यांत द्यावा, एकदा अख्खा आणि एकदा चिरलेला. अशा प्रश्नाला पाठांतराने उत्तर देता येत नाही, आणि तपासायलाही फार वेळ लागत नाही. पालकांनाही मी सांगेन की घरी मुलांकडून इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकून घेण्यापेक्षा स्वयंपाक करताना त्यांना जवळ उभे करावे आणि ‘तांदूळ धुतले, आता हे इंग्रजीत कसे म्हणशील?’ असे विचारावे. त्यासाठी पालकांना उत्तम इंग्रजी यावे लागत नाही, मराठी वाक्य नीट ऐकता आले तरी सुरुवात होते.

आपल्या वृत्तपत्राच्या शालेय पानावर आठवड्यातून एकदा अशा एखाद्या जिनसाची दोन्ही भाषांतली वाक्ये छापता आली तर अनेक शिक्षकांना त्याचा उपयोग होईल. पहिले काही आठवडे मजकूर लिहून देण्याची माझी तयारी आहे. तसेच पंचवटी आणि आसपासच्या कोणत्याही मराठी माध्यमाच्या शाळेने बोलावल्यास दोन वाट्या, मूठभर तांदूळ, मसुराची डाळ, एक अख्खा व एक चिरलेला कांदा घेऊन मी विनामूल्य एक तास घ्यायला येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत दिला आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
पंचवटी, नाशिक